साडेतीन पौंडांच्या खाली नाही

मी, व्हर्ना क्रॅट्झर, कै. लॉईड क्रॅट्झर यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार स्टोनी रन, पॉटर काउंटी, पेनसिल्व्हेनिया, हा कागद स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण मृत्युपत्राला ते लागत नाही असं वकील म्हणतात. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. तसा प्रयत्न लॉईडने लग्नानंतर काही वर्षं करून पाहिला आणि सोडून दिला. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते चुलीत घालावं.

उद्या सकाळी शहरातल्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शनिवारी हरणांचा हंगाम उघडतो. त्या दिवशी मी नळ्या लावून पडलेली असेन. माझी नात कोरा कड्यावरच्या हेमलॉकच्या झाडावर, फळीच्या आसनावर बसलेली असेल. आणि तिच्या खाली ओढ्याकाठी तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा ग्लेन, लॉईडची रायफल घेऊन उभा असेल. ती रायफल आज जशी आहे तशी ग्लेनच्या हातात जाऊ नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आजच लिहायला घेतलं. बाकीची कलमं त्या निमित्ताने उरकते.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं, हे मला कळतं. पण रायफल माझ्या कपाटात आहे आणि ती न्यायला ग्लेन जेवणाआधी येणार आहे. हे मी त्याला जिवंतपणीच वाचायला लावणार आहे.

कलम पहिले. राहतं घर आणि मागची दुकानाची खोली ग्लेनला द्यावी. छपराची उत्तरेकडची बाजू गळते. "बघतो आई, बघतो," असं तो तीन वर्षं म्हणतो आहे. आता स्वतःचं छप्पर म्हणून तरी बघेल.

कलम दुसरे. बँकेत जे आहे त्यातून माझं दफन साधेपणाने करावं आणि उरेल ते ग्लेन आणि कोराने निम्मं निम्मं घ्यावं. पेटी पाइनच्या लाकडाची चालेल. वर पितळेच्या कड्या नकोत. मला कोणी उचलून मिरवायचं नाही, खाली ठेवायचं आहे. जेवणाला हरणाच्या मांसाचं सॉसेज आणि काकवीचा केक असावा. केक माझ्या दिराच्या, मर्लच्या बायकोने करू नये. तिला कारण माहीत आहे.

कलम तिसरे. माझी हत्यारं. आमच्या बंदुका दुरुस्तीच्या दुकानात लॉईड लाकूड करायचा आणि मी लोखंड. तो दस्ते कोरायचा. नळ्या, बोल्ट, चाप माझ्याकडे. गिऱ्हाईक आत येऊन विचारायचं, "मालक कुठायत?" तर लॉईड रंधा न थांबवता ओरडायचा, "चापाचं काम असेल तर मालक ती समोर बसलीय!" त्या माणसावर मी आयुष्यात अनेकदा चिडले, पण त्या एका वाक्यासाठी त्याला सगळं माफ केलं. तो गेल्यापासून मला ते दुकान उघडवत नाही.

कानशी, स्प्रिंगांचे डबे आणि चाप किती ओढीला सुटतो ते मोजायचा काटा कोराला द्यावा. ती वीस वर्षांची आहे, गुरांच्या डॉक्टरकडे काम करते आणि तिचा हात थरथरत नाही. बाकाचा मोठा व्हाइस, म्हणजे लोखंड पकडून ठेवायचा शिकंजा, मर्लला द्यावा. तो त्याने एका आठवड्यासाठी म्हणून नेला, तेव्हा कोराचा जन्मही झाला नव्हता. तेव्हा हे दान समजू नये. मी हरले, एवढंच.

कलम चौथे. डोंगरावरची शिकारीची झोपडी, भोवतालच्या जमिनीसह. ती ग्लेनला द्यावी, असं काल रात्रीपर्यंत माझ्या मनात होतं. आज सकाळी हे कलम मोकळं सोडलं आहे. का, ते पुढे येईल.

झोपडीचे दोन नियम लॉईडने घालून दिले. पहिला आमच्या सगळ्या भागात आहे: ज्याचा हरणावरचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि नाव लिहून भिंतीवर ठोकायचं. आमची भिंत चौकटी-चौकटींच्या कापडांनी भरली आहे. लॉईडचे स्वतःचे चार तुकडे आहेत. कापायच्या आधी जागेवर जाऊन रक्त, केस, माग बघायचा, म्हणजे जखमी जनावर मागे राहत नाही. मग कात्री, मग हसणं, मग बिअर.

दुसऱ्या नियमाला कोणी हसत नाही. ज्याच्या हातून मनात नसताना गोळी सुटली, त्याने या झोपडीतून पुन्हा शिकार करायची नाही. कधीच नाही. लॉईडने या नियमाखाली सख्ख्या मामेभावाला घालवलं. तो मामेभाऊ मरेपर्यंत आमच्याशी बोलला नाही, आणि लॉईड त्याच्या दफनाला बाहेर रस्त्यावर उभा राहिला होता. मी त्याच्या शेजारी होते. त्याचा नियम बरोबर होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

कलम पाचवे. रायफल.

लॉईडच्या रायफलीचा मूळ चाप वाईट होता, हे मीच म्हणायची. सहा पौंड ओढ, आणि वाटेत वाळू भरल्यासारखी खरखर. लॉईडला त्याची सवय होती. त्याला माझ्या स्वयंपाकाचीही सवय होती. तो गेल्यावर ग्लेन म्हणाला, "आई, बाबांची रायफल मी वापरीन, पण चाप बदलू या." मी म्हटलं, बदल. नवा चाप घालायला माझा कधीच विरोध नव्हता. मी स्वतः तीन मागवून याच टेबलावर मांडले.

एक बाकावर रायफल टेकवून कागदावर नेम धरणाऱ्यांसाठीचा, पाव पौंडावर सुटणारा. त्याच्याकडे रागाने बघितलं तरी सुटेल. दुसरा दोन टप्प्यांचा: आधी थोडी सैल ओढ, मग भिंत लागल्यासारखी जाणीव, मग सुटतो. तिसरा साधा, एकाच टप्प्याचा. अडीचपासून पाच पौंडांपर्यंत स्क्रूने बसवता येणारा, आणि त्याचा सुरक्षेचा खटका नुसता चाप अडवत नाही, तर गोळी सोडणारा आतला आकडाच धरून ठेवतो. ग्लेन बाकावरच्या स्पर्धा जिंकतो. त्याच्या घरी कपांची रांग आहे. त्याने अर्थातच पहिला उचलला.

"आई, हा लोण्यासारखा आहे गं."

"लोणी थंडीत दगड होतं," मी म्हटलं. "चाप बोटाकडे बघून निवडायचा नाही, जागेकडे बघून निवडायचा. बाकावर तू उघड्या बोटाने, श्वास धरून बसतोस आणि समोर कागद असतो. डोंगरावर जाड हातमोजा असतो, वंगण घट्ट झालेलं असतं, छाती धडधडत असते आणि आजूबाजूला आपलीच माणसं असतात. साडेतीन पौंडांच्या खाली नाही."

"मी चाळीस यार्डांवर माशी मारतो, आई."

"माशी तुला दुसरी मिळेल."

तो हसला आणि तिन्ही घेऊन गेला. आठवड्याने फोनवर म्हणाला, "तू सांगितलास तोच बसवला. साधा." बाकीचे दोन त्याने डब्यात परत आणून दिले. मी डबा उघडला नाही. मुलगा आहे, खोटं कशाला बोलेल!

गेल्या हंगामाच्या पहिल्या दिवशी दाट बर्फ पडत होता. ओढ्याकाठून एक गोळी वाजली. मर्ल आणि बाकीचे धावत गेले. ग्लेन म्हणाला, "मोठा नर होता, चुकला." बर्फ इतका पडत होता की माग बघायला कोणी गेलं नाही. नेमबाज ग्लेनचा नेम चुकला, याचाच सगळ्यांना केवढा आनंद! मर्लने कात्री काढली. मी झोपडीत रस्सा ढवळत होते. हसण्याचा आवाज मला तिथे ऐकू आला. कापड भिंतीवर गेलं. हंगाम संपल्यावर रायफल साफ होऊन माझ्या कपाटात आली.

या रविवारी कोरा आणि मी तिच्या आसनाचे पट्टे बदलायला कड्यावर गेलो. डॉक्टरांनी चढायची मनाई केली होती, म्हणून सावकाश चढले. झाडाला एक भोक होतं, डिंकाने अर्धं बुजलेलं. कोरा म्हणाली, "आजी, गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी माझ्या टोपीवर साल पडली होती. मला वाटलं सुतारपक्षी."

मी तिला आसनावर बसवलं. भोक तिच्या डोक्याच्या वर एक वीत होतं. ते ओढ्याच्या दिशेने होतं. मी तिला गाडीतून पाण्याची बाटली आणायला पाठवलं, आसनावर चढून सुरीने गोळी उकरून काढली आणि खिशात घातली. मग खाली उतरून तिथे बर्फात बसून राहिले. मला इतकी भीती लॉईड गेला तेव्हाही वाटली नव्हती. कोराला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं ज्याने त्याने सांगावं.

घरी येऊन रायफलीचा दस्ता उतरवला. आत लोण्याचा चाप होता. काट्यावर धरला तर अर्ध्या पौंडाच्याही आत सुटला. सगळं पुन्हा जोडून ठेवलं, त्याला हात लावला नाही. डब्यात दोन चाप आहेत: दोन टप्प्यांचा आणि साधा.

इथे लिहिणं थांबवते. ग्लेनची गाडी आली.

(पुढचं मी एक वाजता लिहीत आहे. साक्षीसाठी बोलावलेली माझी शेजारीण नडीन बरोज सगळा वेळ समोर बसली होती. ती पोस्ट सांभाळते. सगळ्या गावाचं ऐकते आणि कोणाला काही सांगत नाही. मी काही वाढवून लिहिलं तर ती सही करणार नाही.)

ग्लेन दारातूनच म्हणाला, "अगं, उद्या ऑपरेशन आणि आज तू काय अभ्यास करतेयस? नडीनमावशी, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी कोण सांगणारी बाबा," नडीन म्हणाली. "मला कॉफीला बोलावलंय."

"बस," मी म्हटलं. "रायफल टेबलावर आहे. बोल्ट उघड."

आमच्याकडे बंदूक हातात घेतली की आधी बोल्ट उघडून ती रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवायचं. तो आमचा नमस्कार. तिघांनी पाहिलं. आत काही नव्हतं.

"आता बोल्ट लाव. खटका लाव. चाप दाब आणि बोट काढून घे."

"आई, मी काय शाळेत आलोय?"

"दाब."

त्याने दाबला. काही झालं नाही. "आता बोट न लावता नुसता खटका पुढे सार." त्याने सारला. काही झालं नाही.

"झालं समाधान?"

"परत."

पुन्हा काही झालं नाही. ग्लेनने नडीनकडे बघून डोळा मारला. मला क्षणभर वाटलं, चाप आज मला खोटी पाडणार आणि हा रायफल घेऊन जाणार. "एकदाच आता," मी म्हटलं. त्याने खटका लावला, चाप दाबला, बोट काढलं, बोट मला दाखवलं, आणि अंगठ्याने खटका पुढे सारला.

टक्क.

त्याचं बोट अजून हवेत होतं. आत काडतूस असतं तर ते उडालं असतं. नडीनने कप खाली ठेवला.

"असंच झालं होतं ना?" मी विचारलं.

"काय?"

मी फळीवरच्या वाटीतून गोळी काढून त्याच्यापुढे ठेवली. तो स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. दुसऱ्या कोणाची गोळी आहे, असं त्याला म्हणता आलं नसतं.

"कुठे मिळाली?"

"कोराच्या झाडात. तिच्या टोपीच्या वर एक वीत."

तो उभा राहिला. मग बसला. मग म्हणाला, "नळी वर होती, आई. मी वर धरली होती. आभाळाकडे."

"आभाळाच्या आधी कडा आहे, ग्लेन."

"बर्फात काही दिसत नव्हतं. खटका काढला आणि… मला कळलंच नाही. पोरं धावत आली, मर्लकाका ओरडला, 'चुकलास काय रे नेमबाज?' मी हो म्हटलं. सगळे हसायला लागले. मी पण हसलो." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "खरं सांगितलं असतं तर बाबांचा नियम होता. डोंगर संपला असता माझा."

"आणि शनिवारी हाच चाप घेऊन तिथेच उभा राहणार होतास?"

"स्क्रू थोडा घट्ट केला होता नंतर."

"किती?"

त्याने समोरची गोळी बोटाने उलटी केली.

"नडीनमावशी, हिला सांगा ना," तो एकदम म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान असतानासारखा झाला होता. "मला ठाऊक नव्हतं गोळी तिकडे गेली म्हणून. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"तुझ्या आईला ते कळतंय," नडीन म्हणाली. "तिला दुसरंच काहीतरी हवंय."

मी त्याला वरची पानं वाचायला दिली. त्याने सगळी वाचली. चौथ्या कलमाशी थांबला, पुन्हा वाचलं. मग उठला, रायफल उचलली आणि बाहेर गेला.

माझ्याने उठवेना. नडीन खिडकीशी गेली. "गाडीपाशी उभाय," ती म्हणाली. "पाठ आहे इकडे. मागची फळी उघडली त्याने." मी मनात म्हणत होते, गाडी सुरू झाली तर मी कोराला फोन करेन, मर्लला करेन, पोलिसांनाही करेन, आणि मग उद्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपेन तेव्हा मला मुलगा नसेल. तो आवाज यायची मी वाट पाहत होते. माझा जीव हातातल्या पेनात येऊन बसला होता.

फळी आपटल्याचा आवाज आला. ग्लेन आत आला, काखेत रायफल आणि हातात स्क्रू-ड्रायव्हरची पेटी. बसला, दस्ता उतरवला, चाप काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"दोन आहेत ना डब्यात? कुठला?"

"तू निवड. मोठा झालायस."

त्याने दोन टप्प्यांचा हातात घेतला, खेळवून पाहिला. "हा चांगला आहे. पण हातमोजा असला की पहिला टप्पा कुठे संपला ते कळणार नाही." त्याने तो खाली ठेवला आणि साधा घेतला. बसवला. खिशातून हिवाळी हातमोजे काढून घातले आणि तसाच दाबून पाहिला. स्क्रू फिरवला, काटा लावला, पुन्हा फिरवला. काटा साडेतीनच्या थोडा वर थांबला तेव्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नडीनच्या पर्समध्ये नखं रंगवायची लाल बाटली होती. तिचा एकेक थेंब मी दोन्ही स्क्रूंवर सोडला, म्हणजे पुढे कोणी फिरवला तर दिसेल. खटक्याची परीक्षा त्याने कितीदा केली ते मी मोजलं नाही. एकदाही टक्क झालं नाही.

सबब कलम पाचवे पूर्ण करते: लॉईडची रायफल, आहे या चापासह, कोराला द्यावी. मी जगले तरी ती आजपासून तिचीच. काढलेला चाप, व्हाइस नसल्यामुळे, मी दगडावर ठेवून हातोड्याने मोडला आहे.

मग चौथं कलम उरलं. मी पेन धरून बसले होते. त्याला घालवायचं, हे माझ्याने लिहवत नव्हतं. तो माझा एकुलता मुलगा आहे. पाच वर्षांचा होता तेव्हा लॉईडच्या खांद्यावर बसून त्या झोपडीत गेला होता. हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे कोणी म्हणू नये की म्हातारीला काही वाटलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दुसरा साक्षीदार म्हणून नडीनचा नवरा यायचा होता. त्याची गाडी बर्फात रुतली होती. नडीन म्हणाली, "आता दुसरी सही कोणाची घ्यायची?"

"मी करतो," ग्लेन म्हणाला.

"तुला चालत नाही," मी म्हटलं. "ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करायची नाही, असं वकिलाने बजावलंय."

"मग मला काही नको."

"ग्लेन."

"घर, झोपडी, सगळं कोराच्या नावावर कर. आई, ते तुझ्या कलमात लिहिलेलं खरं आहे, असं कोणीतरी सही करून म्हणायला हवं ना? नडीनमावशी तिथे नव्हत्या. मी होतो." त्याने हातमोजे काढले. "आणि हे तू गेल्यावर कोराने वाचायचं नाही. मी इथून सरळ तिच्याकडे जातो. मग मर्लकाकाकडे. शनिवारी मी तुझ्या इस्पितळात बसेन. मला दुसरीकडे कुठे जायचं नाहीये."

मी रडले. नडीनही रडली, पण ते ती कबूल करणार नाही.

सबब: कलम पहिले आणि दुसरे यांत ग्लेनचा वाटाही कोराचा असे वाचावे, आणि कलम चौथ्यातली झोपडी जमिनीसह कोराला द्यावी. छप्पर मात्र ग्लेननेच दुरुस्त करावे.

हे मृत्युपत्र मी वाचलं, समजून घेतलं आणि पुढील दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

ठिकाण: स्टोनी रन. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार, दुपारी.

सही: व्हर्ना क्रॅट्झर

साक्षीदार पहिली: नडीन बरोज. वर लिहिलेलं माझ्यासमोर घडलं. मी रडले नाही.

साक्षीदार दुसरा: ग्लेन क्रॅट्झर. या मृत्युपत्राखाली मला काहीही मिळत नाही. गेल्या हंगामाच्या पहिल्या दिवशी ओढ्याकाठी सुटलेली गोळी माझ्या हातातल्या रायफलीची होती. समोर हरण नव्हतं. वर माझी मुलगी होती.